बादलीच्या जागी बांगडा

क्लिक केलं की ते माउसवरचा हात लगेच उचलत आणि मला सांगत, "थांब रे, तेका श्वास घेवक दी."

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात ते सर्वांत जुने प्रोग्रामर. माणूस मालवणचा, घाई फक्त जेवताना.

घाटकोपरच्या एका शेठचा प्लास्टिकच्या बादल्यांचे साचे बनवायचा कारखाना होता. त्या साच्यांच्या ड्रॉइंगच्या फाइली ब्राउझरमध्ये उघडत नसत. "ब्राउझर म्हणजे गेटवरचा वॉचमन," ते मला समजावत. "अनोळखी पाहुणा खालीच उभा करतो. मी त्याला सांगणार, ह्याला माझ्याकडे पाठव." म्हणजे फाइलवर क्लिक केलं, की बाहेर त्यांनी लिहिलेला छोटा व्ह्यूअर उघडून ड्रॉइंग दाखवणार. आमचे साहेब त्याला 'व्हिज्युअलायझेशन इकोसिस्टीम' म्हणत. त्यावर हे प्रोग्रामर म्हणत, "नमुनो आसा हो, साहेबानु."

साहेबांनी बजावलं होतं, "शेठसमोर चालला नाही, तर विकतचा घेऊ. हा कचऱ्यात." त्यानंतर हा मालवणचा माणूस जेवतानाही घाई करेना. तेव्हा आम्हाला काळजी वाटली.

शेठ आले. पिढीजात शाकाहारी. त्यांनी बादलीच्या फाइलवर क्लिक केलं. व्ह्यूअर ऐटीत उघडला आणि पडदाभर तळलेला बांगडा! दुसऱ्या फाइलवर क्लिक केलं, तोच बांगडा. झाकणाच्या फाइलवरही.

"वाट लागली," आमचे प्रोग्रामर पुटपुटले.

"ही आमची एआय सजेशन आहे, सर," साहेब म्हणाले.

"काय सजेशन!" प्रोग्रामर मध्येच म्हणाले. "माझी चूक, शेठ. तपासताना माझ्या जेवणाचा फोटो वापरला, त्याचं नाव कोडमध्ये लिहून ठेवलं. पुसायचं राहिलं."

तिथेच बसून त्यांनी ती एक ओळ काढून टाकली. शेठनी पुन्हा क्लिक केलं. बादलीचा साचा आला. शेठनी तो फिरवला, उलटा केला, आत डोकावून पाहिलं. मग पोरासारखे पुन्हा फिरवत बसले.

"त्या माशावरचे रव्याचे कण मोजता येत होते," शेठ शेवटी म्हणाले. "मग साच्याची चीरही दिसेल. हाच व्ह्यूअर द्या. मासा तुमच्याकडेच ठेवा."

आता ते मालवणला, आपल्या गावी असतात. नव्या प्रोग्रामरांना मी त्यांच्याबद्दल सांगतो, तेव्हा डोळ्यांसमोर त्याच दिवसाचा फुटपाथ येतो. शेठची गाडी वळली मात्र, त्यांनी साहेबांचे दोन्ही हात धरले आणि भर रस्त्यात फुगडी सुरू केली. रिक्षावाले शिट्ट्या मारत होते. साहेबांचा टाय खांद्यावरून मागे उडत होता, आणि साहेब ओरडत होते, "अरे, जोरात!"