श्रोता हजर

दर सोमवारी अकराच्या सुमाराला अंबादासमामा सात रस्त्याजवळच्या आमच्या टपाल कचेरीत परदेशी पाकीट घेऊन यायचे. महिन्यापूर्वी त्यांच्याऐवजी सून आली. मामंजी शनिवारी गेले, एवढंच म्हणाली आणि त्यांनी या सोमवारसाठी आणून ठेवलेलं एक कोरं पाकीट काउंटरवर ठेवलं...

मामा शुक्रवार पेठेतले. यंत्रमागावर टॉवेल विणण्यात जन्म गेला. त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं वेचायची सवय झालेली, म्हणून की काय, खरखरीतून दूरदूरची रेडिओ केंद्रं हुडकायचा त्यांना भारी नाद. असंच एकदा उइगुर भाषेतलं केंद्र सापडलं. चीनच्या पश्चिम टोकाचे हे लोक. त्यांची भाषा त्यांच्याच शाळांतून मागे पडत चाललेली. त्या भाषेत बातम्या, गाणी ऐकवणारं केंद्र मात्र दुसऱ्याच देशाच्या सरकारी मदतीवर चालायचं.

काय ऐकलं, आवाज कसा होता, हे केंद्राला कळवायची श्रोत्यांची जुनी रीत आहे. मामा सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायची. पहिल्याच वेळी मी विचारलं, भाषा येत नाही तर ऐकता कशाला?

"किताब, दोस्त, आसमान, हे शब्द त्यांच्यातबी हायत. एवढं कळतंय की," ते म्हणाले. "आन ऐकनारं कुनी न्हाय असं वाटलं, तर सरकार मदत कशाला दील? म्हनून कळवायचं."

मला हसू आलं होतं. पुढे कधीतरी ते सहज बोलून गेले, की घरात ते तेलुगूत विचारतात आणि नातवंडं मराठीत उत्तर देतात. त्यानंतर मी हसले नाही. उलट सोमवार आला की मीच विचारायची, या आठवड्यात नवा शब्द कोणता? केंद्राकडून पोचेची रंगीत कार्डं यायची. एकावर लांब मानेचं, दोन तारांचं वाद्य होतं. ते कसं वाजत असेल, यावर आम्ही रांग खोळंबेपर्यंत बोललो होतो.

मग त्या सरकारने मदत थांबवली आणि केंद्र गप्प झालं. बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. तरी पुढच्या सोमवारी मामा पाकीट घेऊन हजर. मी वैतागले, आता कुणाला लिहायचं म्हणून.

"ते बंद पडलंय. आपन हाय की," मामा म्हणाले. "लिवा, आवाज आला न्हाय. श्रोता हजर."

दर सोमवारी हेच. उत्तर कधी आलं नाही, आणि मी कुरकुरत लिहीत राहिले. आता त्या कुरकुरीची लाज वाटते.

सुनेने रेडिओ मलाच दिला. काटा त्यांनी ठेवला होता तिथेच आहे. आज सकाळी लावून बसले, कान देऊन ऐकलं... नुसती खरखर. मग ते कोरं पाकीट काढलं, आत घालायच्या कागदावर वेळ लिहिली, आवाज आला नाही असं लिहिलं. नावाच्या जागी पहिल्यांदाच माझं नाव घातलं, आणि खाली लिहिलं, श्रोता हजर.