गुडगावात मी आजारी होते तेव्हा

दिल्लीला जायचं ठरलं ते सुहासच्या एका फोनवरून. सुहास माझा धाकटा. परदेशी कंपन्यांनी गुडगावात काचेच्या इमारती उठवायला घेतल्या तेव्हा नोकरीला गेला, तो तिकडचाच झाला. दर वर्षी तो "आई, ये" म्हणतो आणि दर वर्षी मी गुडघा पुढे करते. या खेपेला म्हणाला, मेट्रो गुडगावपर्यंत आलीय, आता तुला चर्चला न्यायची कटकट नाही. म्हटलं, म्हणजे इतकी वर्षं मी कटकट होते तर. आणि पिशवी भरली.

मला अक्षर येत नाही. मी नगरहून फोनवर बोलतेय आणि तिकडे नात रिंकू ब्लॉगवर उतरवतेय. तिचं मराठी दिल्लीत वाढलेलं आहे, त्यामुळे मधेच हिंदी सापडलं तर ते तिच्या पदरात घाला.

नगरहून दिल्लीला थेट गाडी आहे. एक दिवस, एक रात्र आणि वर थोडं. म्हाताऱ्या माणसांनी खालचा बर्थ आधीच मागून घ्यावा, नाहीतर मधल्या बर्थवरच्या मुलाला गुडघ्यांची सगळी हकिकत सांगावी लागते. मी सांगितली, त्याने मनमाड यायच्या आत जागा बदलून दिली. बरोबर बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांगी परतून घ्यावीत. गाडीतली भाजी सगळीकडे एकाच चवीची असते, गावं तेवढी बदलतात.

निजामुद्दीनला सुहास घ्यायला आला होता. टॅक्सीवाल्याने गुडगावपर्यंत साडेपाचशे सांगितले, सुहासने एका शब्दात कबूल केले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की याचं लक्ष ठिकाणावर नाही. मुनिरकापाशी गाडी अडकली. रस्त्याला लागून एकावर एक खोल्या, प्रत्येक गच्चीवर पोरापोरींचे कपडे वाळत घातलेले. मी ते बघत होते, तेवढ्यात सुहास हळू आवाजात म्हणाला, "आई, एक सांगायचंय. घरमालकांसमोर चर्चचं काही काढू नकोस."

मी विचारलं, का.

मग सगळं बाहेर आलं. हे घर घेण्याआधी त्याने एक घर बघितलं होतं. सगळं ठरलं, आणि ख्रिस्ती म्हटल्यावर त्या मालकाला अचानक आपला भाऊ आठवला, ज्याला म्हणे तेच घर हवं होतं. म्हणून इथे याने नुसतं आडनाव सांगितलं, गायकवाड. मालकीणबाई भाटिया म्हणाल्या, अच्छा, महाराष्ट्रियन. हा म्हणाला, जी. तेवढंच. खोटं काही बोलला नाही, असं त्याचं म्हणणं. पण त्या एका 'जी'वर पुढे मजले चढले. ब्लॉकमध्ये गणपती बसवायचं निघालं तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, हे काम महाराष्ट्रियन माणसाचं. तीन वर्षं झाली, मांडवापासून आरतीपर्यंत सगळं माझा लेक बघतो.

"आणि चांगलं बघतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, बघत असशील. तुझ्या बापानेही चर्चचा मांडव कधी वाकडा घातला नाही.

टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण सुहासचा चेहरा कळत होता.

घर ऐसपैस. तळमजल्यावर भाटिया नवरा-बायको, दुसऱ्या मजल्यावर आमचे. सूनबाई अनिताने चहा दिला. भाटियाबाई अर्ध्या तासात वर आल्या, गरम पराठे घेऊन, आणि माझ्या पाया पडल्या. बाई मनाने मोकळी, हे मी आधीच सांगून ठेवते. मला म्हणाल्या, माताजी, पुढच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता आरती तुम्हीच म्हणायची, अस्सल मराठीत. मी सुहासकडे बघितलं. सुहास पराठ्याकडे बघत होता.

आरती मला येते. आमच्या नगरच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून कुलकर्ण्यांचं घर, साठ वर्षं ऐकलीय. पण येणं वेगळं आणि माझी म्हणून म्हणणं वेगळं. मी हसून मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते माझं मलाच माहीत नाही.

रविवारी चर्चला गेलो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: मेट्रोने आयएनएला उतरायचं, तिथून ऑटो, चाळीस रुपये. अक्षर न येणाऱ्यांना मेट्रो सोपी आहे, प्रत्येक स्टेशन ती स्वतः बोलून सांगते. चर्च जुनं, दगडी, कडुलिंबाच्या झाडांत लपलेलं. सकाळी इंग्रजी उपासना, मग हिंदी, आणि महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चारला आपली मराठी. माणसं चाळीसच्या आत. पूर्वी सगळी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायची, चालत यायची. आता कुणी निवृत्त होऊन गावी गेलं, कुणाची मुलं नोएडाला, कुणाची गुडगावला. तरी गायला लागली की छपराला ऐकू जातं. मी गीतांचं पुस्तक बंद ठेवून गाते. शेजारी कमलाबाई होत्या, क्वार्टर्समधल्या जुन्या, त्यांनी दोनदा मला पान उघडून दिलं. मी दोनदा मिटलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि आमचं जमलं.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सूचना सांगितल्या. महिला मंडळाचं शिवण बुधवारी. नाताळच्या गीतांचा सराव दिवाळीनंतर. ऑक्टोबरात हंगामाचा सण, सगळ्यांनी भाजी, फळं, धान्य आणायचं आणि उपासनेनंतर लिलाव. कुणी जाणार असाल तर हा लिलाव चुकवू नका, एका दुधी भोपळ्यासाठी दोन अधिकारी इरेला पेटतात. आणि शेवटची सूचना: लांब राहायला गेलेल्यांना आता आपणच जाऊन भेटायचं. गुडगावची पहिली घरगुती प्रार्थना येत्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, बंधू सुहास गायकवाड यांच्या घरी.

माझ्या दुसऱ्या बाजूला सुहास बसला होता. त्याच्या हातातलं पुस्तक थांबलं.

त्याने होकार कधी दिला होता विचाराल, तर जूनमध्ये. तेव्हा गणपतीची तारीख बघितली नव्हती. बाहेर चहा आणि सामोसे होते. पाळकसाहेबांशी बोलायला तो तीनदा पुढे गेला आणि तीनदा कप भरून परत आला. कमलाबाई मला विचारत होत्या, गुडगावला येताना काय आणू. मी म्हटलं, धीर आणा. त्यांना ती गंमत वाटली.

सोमवार, मंगळवार घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. अनिता म्हणत होती, सांगून टाकू. सुहास म्हणत होता, रिंकूचं बारावीचं वर्ष आहे, आत्ता घर सोडावं लागलं तर कुठे जायचं. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण संपत नव्हतं. बुधवारी रिंकू मला सरोजिनी नगरच्या बाजारात घेऊन गेली, घरातून सुटका म्हणून. शंभर रुपयांत स्वेटर मिळतो तिथे, पण दीडशे सांगतात आणि तुम्ही निघून जायचं नाटक करायचं. माझे गुडघे असे की नाटक करून निघाले तरी दुकानातून बाहेर पडेपर्यंत भाव उतरायचा. तीन स्वेटर घेतले. घरी आलो तर आतल्या खोलीतून सुहासचा आवाज. पाळकसाहेबांशी फोनवर बोलत होता.

"आईची तब्येत ठीक नाही, साहेब. प्रवास मानवला नाही. शनिवारचं राहू दे."

मी स्वेटरची पिशवी खाली ठेवली. तो बाहेर आला, मला बघून उभा राहिला.

मी विचारलं, "काय झालंय मला? म्हणजे तसं झोपायला."

त्याने पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मीही पुढे वाढवलं नाही. पन्नाशीच्या मुलाला ओरडून काय मिळतं. पण मनात आलं ते सांगते. हा माणूस चर्चच्या मंडळीत वाढला, आणि मंडळीची पहिली रीत विसरला. कुणाकडे बारसं आहे म्हणून कळवा, निम्मे येतात. कुणी आजारी आहे म्हणून कळवा, सगळे येतात.

शनिवारी साडेसहाला भाटियाबाई मला न्यायला वर आल्या. मी सुहासला आधीच सांगितलं होतं, खाली येईन, खुर्चीवर बसेन, आरती म्हणणार नाही. तो म्हणाला, घसा बसलाय म्हणून सांगू. म्हटलं, आजार वाढत चाललाय माझा.

पार्किंगमध्ये मांडव. झेंडूच्या माळा सरळ रेषेत, दिव्यांच्या तारा नीट बांधलेल्या. खरंच चांगलं बघतो तो. सत्तर-ऐंशी माणसं होती, मुलं इकडून तिकडे पळत होती, आणि मी समोर खुर्चीवर चांगलं पातळ नेसून. सुहासने ताट हातात घेतलं. कापूर लावायचा बाकी होता. तेवढ्यात गेटवरचा गार्ड धावत आला.

"सर, एक पूरी गाडी भर के लोग आए हैं. बोल रहे हैं माताजी सीरियस हैं."

भाटियाबाई म्हणाल्या, "माताजी सीरियस? माताजी तो यहाँ बैठी हैं."

त्याच्या मागून मंडळी आत आली. पुढे पाळकसाहेब, काळा सदरा, गळ्याला पांढरी पट्टी, हातात आजाऱ्याला लावायच्या तेलाची बाटली. मागे कमलाबाई, हातात स्टीलचा डबा. त्यांच्यामागे सरोजिनी नगर, मुनिरका, जे जे गाडीत मावलं ते. मांडव बघून सगळे जागच्या जागी थांबले. मुलांचं पळणं थांबलं. पाळकसाहेबांनी मला बघितलं, सुहासच्या हातातलं ताट बघितलं, आणि भला माणूस, एका क्षणात सगळं ओळखून मागे वळायला लागला. म्हणाला, पत्ता चुकलो असू.

सुहासला तेवढीच वाट मोकळी होती. एक मान हलवली असती तर मंडळी निघून गेली असती, आरती झाली असती, आणि पुढच्या वर्षीही मांडव त्याचाच असता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून त्याने ठरवावं असं मला वाटत नव्हतं. मी माझ्या हातांकडे बघत बसले.

"पत्ता बरोबर आहे, साहेब," तो मराठीत म्हणाला. मग भाटियाबाईंकडे वळला. "आंटीजी, ये हमारे चर्च के लोग हैं. हम क्रिश्चियन हैं. माँ बीमार नहीं है, इनसे मैंने झूठ बोला था."

"और हमसे?" भाटियाबाईंनी विचारलं.

"आपसे भी."

भाटियाबाईंनी त्याच्या हातातलं ताट घेतलं. हिसकावलं नाही, घेतलं. नवऱ्याच्या हातात दिलं. डोळे भरले होते त्यांचे, पण ते रागाने की कशाने, मला कळलं नाही. मी उठले. खुर्चीला टेकवलेली माझी काठी त्यांनीच उचलून दिली, माझ्याकडे न बघता.

वर गेलो. जेवणाच्या टेबलाभोवती, पलंगांवर, जमिनीवर मंडळी बसली. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि खाली आरती सुरू झाली, कॅसेटवर, मोठ्या आवाजात. ते म्हणाले, खालचं होऊ द्या. आम्ही सगळे गप्प बसून राहिलो. सुहास दाराला टेकून उभा होता, त्याचे ओठ आरतीबरोबर हलत होते, सवयीने. खालचं संपलं, मग आम्ही गायलो. पहिल्या कडव्याला आवाजच निघेना कुणाचा. दुसऱ्याला निघाला. नंतर कमलाबाईंनी डबा उघडला. तांदळाची पेज, बिनमिठाची. म्हटलं, अहो, मी ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, आणलीय तर खा. आजारपण खोटं, पण पथ्य पुरं केलं मी.

प्रसादाचे मोदक वर आले, पण गार्डच्या हाती. भाटियाबाई नंतर जिन्यात दिसल्या की नमस्ते माताजी म्हणायच्या आणि पुढे जायच्या. मी निघाले त्या दिवशी मात्र दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पहले बता देते तो क्या मैं निकाल देती?" सुहास माझी पिशवी घेऊन पुढे झाला. काढलंच असतं असं त्या बाईकडे बघून वाटत नाही, आणि काढलं नसतं अशी हमी मी देत नाही.

आठवड्याभराने भाटियांनी सांगितलं, मार्चनंतर मजला हवाय, पुतण्या येणार आहे. खराच असेल पुतण्या. रिंकूची परीक्षा होऊ द्यायला ते तयार झाले, हेही लिही गं रिंकू.

आता मी नगरला माझ्या अंगणात आहे. दिल्लीचं काय राहिलं विचाराल, तर स्वेटर राहिले, चांगले उबदार आहेत. लाल किल्ला राहून गेला. आणि सुहासचे फोन राहिले. हल्ली रोज येतात, घर शोधतोय ना. दारात पाऊल टाकायच्या आधीच मालकाला सांगतो, आम्ही ख्रिस्ती आहोत, महिन्यातून एका शनिवारी आमची माणसं येतात, गातात. एकाने लगेच दार लावलं. एकीने विचार करून कळवते म्हटलं, अजून विचार चालूच आहे तिचा. काल एक निवृत्त फौजी भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, गाना कितने बजे तक चलता है.

सुहास म्हणाला, नऊ.

मी फोनवर त्याला झापलं. साडेनऊ सांगायचं होतंस. आपली मंडळी नवाला कधी संपवते?