पाच शब्दांचे सर

बडनेऱ्याच्या बाजारात वांगी निवडता निवडता आमचे सर भाजीवाल्या मावशीला म्हणायचे, "बाई, तुह्या वांग्याची कंडिशन आज डिप्लोरेबल हाय." मावशीला शब्द कळायचा नाही, पण सूर बरोबर कळायचा. "काहीबी म्हना सर, वांगे हेच भेटतीन," असं ती म्हणाली की सर खूश होऊन तीच वांगी घेत. तक्रार करायची नसायचीच. सकाळी वाचलेला शब्द दुपारच्या आत कुठेतरी वापरून टाकायचा, एवढाच त्यांचा हट्ट.

सरांनी कुठल्याही शाळेत नोकरी केली नव्हती. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून म्हणून सगळी नोकरी गेली. इंग्रजी शिकले ते एका जाडजूड शब्दकोशातून, दोन गाड्यांमधल्या रिकाम्या वेळात. निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत सतरंजी टाकून ते कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शब्द शिकवू लागले. व्याकरण नाही, निबंध नाही. फक्त अवघड शब्द आणि तेही रोज पाचच. पोरं मागून त्यांना 'पाचशब्द्या' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. "पाच पचतात," ते म्हणायचे, "सहावा ओकारी आनते."

मी मोर्शीकडच्या खेड्यातली. कॉलेज अमरावतीला आणि राहायला बडनेऱ्याला आत्याकडे. सरांचं घर आत्याच्या घरापासून चौथं, म्हणून तीन वर्षं मी त्या सतरंजीवर बसले.

त्यांचा एक नियम विचित्र होता. नवा शब्द वाक्यात वापरायचा, पण ते वाक्य खरं असलं पाहिजे. "इंग्रजीत खोटं बोलाची प्रॅक्टिस नोको करू बेटा, ते आपोआप येते." त्यामुळे आमच्या वह्या वाचून सरांना प्रत्येकाच्या घरातलं सगळं कळायचं. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, हा शब्द आला त्या दिवशी मी लिहिलं की माझे वडील मला पुढे शिकायला पुण्याला पाठवायला रिलक्टंट आहेत. सरांनी ते दोनदा वाचलं. पुढच्या रविवारी मोर्शीच्या एसटीत बसून ते थेट आमच्या घरी पोचले.

"सर, पोरगी एकटी कशी राहीन पुन्याले?" बाबांनी विचारलं.

"भाऊ, तिच्यापाशी हजार शब्द हायेत," सर म्हणाले. "ती काहून एकटी राहीन?"

बाबा हसले. आईने चहा टाकला. पुण्याच्या कॉलेजात मुलाखतीला जायचं माझं त्या दुपारी ठरलं.

सरांची घरची बोली उर्दू. तिच्या उच्चारांबाबत ते फार कडक होते. शेजारच्या कोणी 'जरा' म्हणताना 'ज' चुकीचा काढला, की रस्त्यात थांबवून त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचे. "मानसाचं नाव चुकीचं घेतलं तर तो वळून पाह्यत नाही," ते म्हणत. "शब्दाचंबी तसंच हाय." म्हणूनच पुढे जे झालं ते त्यांना इतकं लागलं.

पुण्याच्या मुलाखतीत समोर तिघं बसले होते. आईबद्दल बोलताना मी सरांचा आवडता शब्द वापरला. मूर्तिमंत नमुना या अर्थाचा. मी म्हणाले, माझी आई सहनशीलतेची 'एपिटोम' आहे. एक बाई किंचित हसल्या. शेजारच्या गृहस्थांनी मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मी पुन्हा म्हणाले, आणि तिघंही हसले. पुढच्या प्रश्नांना मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही. प्रवेश मिळाला नाही.

परत आल्यावर आठ दिवस मी सरांकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी तेच आत्याच्या दारात उभे राहिले.

"काहून नाही आली?"

मी सगळं सांगितलं. मग न राहवून विचारलं, "सर, तुम्ही हा शब्द कधी कुणाच्या तोंडून ऐकला होता का?"

सर उंबऱ्यावरच थबकले. "नाही बेटा," ते हळूच म्हणाले. "पार्सल ऑफिसात कोन बोलनार होतं?"

शब्दकोशात उच्चाराच्या खुणा होत्या, पण त्या कशा वाचायच्या हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आत येऊन ते खुर्चीवर बसले. मी मोबाइलवर तो शब्द काढला आणि आवाजाचं बटण दाबलं. फोन म्हणाला, 'इपिटमी'.

"पुन्हा दाब."

मी पुन्हा दाबलं. मग ते एकेक शब्द सांगत गेले आणि मी फोनला विचारत गेले. ते 'सब्टल' म्हणाले, फोन 'सटल' म्हणाला. ते 'डेब्रिस' म्हणाले, फोन 'डेब्री'. 'हायपरबोल'चं 'हायपर्बली' झालं तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आत्याने आणलेला चहा निवून गेला. मला माझ्या प्रश्नाची लाज वाटू लागली होती, पण आता बटण न दाबणंही बरं दिसेना.

नंतर दोन दिवस सतरंजी पडली नाही. मी चौकशीला गेले तर चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, दारातच म्हणाल्या, "किसी से बात नहीं करते बेटी. बस रजिस्टर ले के बैठे हैं."

ते रजिस्टर म्हणजे आजवर शिकून गेलेल्या मुलांची यादी. नाव, गाव, वर्ष. पार्सलच्या कारकुनाला शोभेल अशी. सरांनी चुकलेल्या शब्दांचा एक कागद केला होता आणि रजिस्टरमधल्या प्रत्येकाला तो नेऊन द्यायचं ठरवलं होतं.

"सर, फोन करून सांगा की," मी म्हणाले.

"चूक समोर बसून शिकवली ना? मंग समोर जाऊनच सांगीन."

आणि ते खरंच निघाले. सत्तरी ओलांडलेला माणूस एसटीने गावोगाव फिरू लागला. शेंदूरजनाघाटला मी त्यांच्यासोबत गेले होते. तिथला त्यांचा जुना विद्यार्थी आता संत्र्यांचा व्यापारी झाला होता. भर हंगाम, अंगणात संत्र्यांचे ढीग, माणसांची वर्दळ. त्याने हातातलं काम टाकून सरांचे पाय धरले. सरांनी कागद काढून शब्द वाचून दाखवले. तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, खरं सांगू काय? यातला एकबी शब्द मी आजवर कोनापाशी बोललोच नाही."

"मंग चांगलं झालं," सर गंभीरपणे म्हणाले. "आता बोल."

अकोल्याची गोष्ट मात्र सोपी नव्हती. तिथली त्यांची विद्यार्थिनी एका शाळेत इंग्रजी शिकवत होती. या फिरण्यात वर्षं गेली होती; तोवर मी अमरावतीतच एम.ए. करून अकोल्याच्या कॉलेजात लागले होते, म्हणून सर आधी माझ्याकडे उतरले आणि आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. कागद पाहताच ती रडवेली झाली.

"सर, मी इतकी वर्षं पोरांना हेच शिकवलं. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"सांग, माह्या सरचं चुकलं होतं. माहं नाव घे. खुशाल घे."

संध्याकाळी मी त्यांना अकोला स्टेशनवर सोडायला गेले. ते फार थकलेले दिसत होते. बाकावर बसल्यावर, कित्येक वर्षं मनात असलेलं मी बोलून टाकलं. "सर, आत्याच्या घरी त्या दिवशी मी तुम्हाला फार लागेल असं बोलले."

"तू नसती बोलली तर ते शब्द तसेच घेऊन मेलो असतो," ते म्हणाले. गाडी आली. त्यांनी मला पिशवी धरू दिली नाही.

त्या हिवाळ्यात सर गेले. रजिस्टरमधली थोडी नावं राहिली होती. बडनेऱ्याला गेले तेव्हा चाची एवढंच म्हणाल्या, "आखिर तक वही फिकर थी."

परवा वर्गात एक उतारा वाचताना, 'बिघडलेलं' या अर्थाचा एक इंग्रजी शब्द मी 'ऑरी' असा उच्चारला. शेवटच्या बाकावरची बार्शीटाकळीची मुलगी चाचरत उठली. "मॅडम, ते 'अराय' आहे ना?" सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी सगळ्यांसमोर फोन काढून ऐकलं. तिचं बरोबर होतं. तिला शाबासकी देऊन मी पुढे वाचू लागले, पण मन लागेना. हाच उतारा सकाळी मी दुसऱ्या तुकडीला वाचून दाखवला होता.

तास संपल्यावर वरच्या मजल्यावर गेले. तिथे त्याच तुकडीचा इतिहासाचा तास चालू होता. दारात उभी राहून सहकाऱ्याकडे दोन मिनिटं मागितली.

"सकाळी मी तुम्हाला एक शब्द चुकीचा शिकवला," मी म्हणाले.

मुलं आधी गोंधळली. मग एकेकाने दप्तरातून इंग्रजीची वही काढली.