बेचाळीसची कंबर

आमच्या ताईला सगळा कारखाना शंकासुर म्हणतो. दूधवाला शपथेवर सांगायचा, दुधात पाण्याचा थेंब नाही, ताई म्हणायची, "मग पाण्यात दुधाचे किती आहेत तेवढं सांग." मी तिची सख्खी धाकटी बहीण, तरी माझ्या घरी चहा पिण्याआधी ती कपाचा वास घ्यायची. मला याचा भयंकर राग यायचा.

सैन्याचे गणवेश बनवणाऱ्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं कापड कापते. एकावर एक साठ थर अंथरायचे, वर मापाचा कागद ठेवायचा आणि यंत्राचं पातं फिरवायचं. एका दमात साठ पँटी. ती कापते, मी शिवते.

लढाई सुरू झाली आणि बंद पडत आलेला आमचा कारखाना तीन पाळ्यांत चालू लागला. घरी बसलेल्या भावोजींनाही पॅकिंगमध्ये काम मिळालं. तेव्हापासून ते उठता बसता सरकारचे गोडवे गायचे. "हाताला काम कुणी दिलं? यांनीच ना?"

माझा नवरा लगेच उसळायचा, "आणि लढाई कुणी ओढवून घेतली? तीही यांनीच!"

"ते आधीच्यांचं पाप," भावोजी म्हणायचे, की जुंपली दोघांची. ताट गार होईपर्यंत कुणी माघार घ्यायचं नाही.

"काम आलं की आयत्या बिळावर नागोबा," ताई वाढता वाढता म्हणायची, "आणि माणसं मेली की खापर दुसऱ्याच्या माथ्यावर. इकडचे काय न् तिकडचे काय, एका माळेचे मणी."

तिचा विश्वास फक्त मापांच्या यादीवर. इतकी वर्षं तिच्यात तीस-बत्तीसच्या कंबराच जास्त असायच्या. एका सोमवारी यादी आली ती अडतीस, चाळीस, बेचाळीसची.

"जवानांना खायला चांगलं मिळतंय, बाई," सुपरवायझर हसून म्हणाला.

"सहा महिन्यांत दहा इंच?"

तो पुढच्या टेबलाकडे वळला. त्याच दुपारी कँटीनच्या टीव्हीवर सांगत होते, विजय हाताशी आलाय, आता आणखी माणसं लागणार नाहीत.

ताई घरी गेली ती टेप घेऊनच. मीही मागोमाग गेले. तिनं भावोजींच्या पोटाभोवती टेप फिरवली. बेचाळीस. ते खो खो हसले. "अगं, विशीत दोन वर्षं सैन्यात बंदूक धरली होती मी. त्याला जमाना झाला. आता या ढेरीला कोण बोलावतंय?"

"सैन्याच्या यादीतून नाव काढलंय का तुमचं?"

भावोजींचं हसू तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी बेचाळीससाठी अंथरलेल्या साठ थरांवर ताईनं बत्तीसचा कागद ठेवला. मी शेजारच्या टेबलावरून बघत होते. बेचाळीससाठी सगळं कापड वाया गेलं. सुपरवायझर ओरडत आला, "कुणाची चूक ही?" अशा वेळी आमच्याकडे कागद सरकलेला असतो, पातं बोथट असतं, नाहीतर वीज गेलेली असते.

"माझी," ताई म्हणाली. "चूक नाही. मुद्दाम केलंय."

तिला आठवडाभर घरी बसवलं. लगेच नवं कापड अंथरलं, दुसऱ्या बाईनं कापलं. दीडपट मजुरीवर शिवायला कोण थांबतंय, असं विचारलं तेव्हा मी हात वर केला. मी नाही शिवल्या तर दुसरी कुणी शिवेलच, अशी मनाची समजूत घातली. लाज वाटत होती, तरी साठच्या साठ शिवल्या.

तीन आठवड्यांनी भावोजींना बोलावणं आलं. पुढं तिकडून त्यांचा फोटो आला, गणवेशातला. ताईनं तो खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरला. पँट कमरेला अगदी चोख बसली होती.

"ही कुणी शिवली असेल गं?" माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणाले.

एरवी ती खोदून खोदून विचारते. त्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं नाही.