देवी उठली त्या दिवशी मी चर्चमध्ये होतो

नोकरीसाठी इंग्लंडला निघालो त्या दिवशी बॅगा डिकीत गेल्या, ताई रडून मोकळी झाली, तरी बाबा मला गाडीत बसू देईनात. हाताला धरून गावदेवीच्या देवळात घेऊन गेले. गव्हाणजवळचं आमचं गाव विमानतळाच्या प्रकल्पात जाणार, हे तोवर पक्कं झालं होतं. "देवी हलवायची झाली का तुला यावा लागंल. उचलायचा मान आपल्या घरान्याचा हाय," बाबा म्हणाले. "येईन की, बाबा!" मी म्हणालो. बोलायला काय जातंय?

इंग्लंडात एकटेपणा खायला उठायचा. रविवारी बस पकडून मी जुनी चर्च बघत फिरायला लागलो. नाद लागला हो! गावागावातली छोटी चर्च, शहरांतली अवाढव्य कॅथेड्रल. कुठली कमान कुठल्या शतकातली, हे मी ऑफिसातल्या गोऱ्यांना सांगायचो. आमच्या देवीचं देऊळ कुणी बांधलं, हे मात्र मी बाबांना कधी विचारलं नाही.

मग बाबांचा फोन आला. देवीनं कौल दिला होता, दिवस ठरला होता. नेमक्या त्याच आठवड्यात मी रजा टाकली होती, पाच कॅथेड्रलं बघायला. हॉटेलांची बुकिंग झाली होती. मी म्हणालो, "बाबा, रजा मिळत नाही." असं शेण खाल्लं मी, आणि तेही सहज.

देवी हलवली त्या दिवशी मी दौऱ्यातल्याच एका खेड्यातल्या चर्चमध्ये होतो. एक म्हातारी बाई मेणबत्त्यांच्या पितळी समया पुसत होती. तिची आजी पुसायची, आई पुसायची, आता ती. मी गहिवरलो, फोटो काढला आणि ताईला पाठवला. कुठली अक्कल सुचली देव जाणे! ताईनं तो बाबांना दाखवला. त्या सत्तरीतल्या माणसानं सकाळीच देवीचा दगड एकट्यानं छातीशी धरून नव्या जागी नेला होता.

संध्याकाळी फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "देवलातच होतास ना? मंग बरा झाला." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. गावात त्यांनी सांगितलं, पोराला सायबानं सोडलं नाय.

यंदा दिवाळीला गेलो. नवं देऊळ झकपक आहे, टाइल्स, स्टीलचे कठडे. आरतीआधी चार म्हातारे माझ्याभोवती बसले. "दाव रं त्यांना तुजं चर्चचं फोटू," बाबा कौतुकानं म्हणाले. मी मोबाइल दिला. त्यातले नामाकाका एकेक फोटो सरकवत त्या समया पुसणाऱ्या बाईपाशी थांबले. "यो कंदीचा रं?"

फोटो देवी उठली त्याच दिवसाचा होता. समोर देवी, बाजूला बाबा, उजवा खांदा चोळत. देवी नेल्यापासून तो दुखतोय, हे मला ताईनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

"जुना हाय तो," बाबा म्हणाले. "चला, उठा, आरतीची वेल झाली."

गाव गेलं, घर पाडलं, तिथं आता ओळखीचं झाडही नाही. घर कुठं, असं इकडे कुणी विचारलं की मी पनवेल म्हणतो आणि मान खाली घालतो. कारण माझं घर म्हणजे आता तेवढाच एक माणूस आहे, आणि त्याला मी देवीसमोर खोटं बोलायला लावलं.