झोपेत देश सोडणारा माणूस

"हे नुसतं वाईट स्वप्न नाही," डॉक्टर म्हणाल्या. "स्वप्न पडतं तेव्हा यांचं शरीर बंद होत नाही."

इथे परदेशात, नोव्हेना भागातल्या त्या दवाखान्यात आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझे मिस्टर आणि आमची मुलगी सई. माझ्या भुवईवर टाके होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, रेम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर, आणि मग सोपं करून सांगितलं. स्वप्न पडताना मेंदू हातापायांना कुलूप लावतो, म्हणून आपण स्वप्नात कितीही धावलो तरी अंथरुणातच राहतो. ह्यांचं ते कुलूप लागत नाही. मनात जे चाललेलं असतं, ते हातपाय करून मोकळे होतात.

आधी मला हायसंच वाटलं. वेड नाही, बाधा नाही, आजार आहे आणि आजाराला गोळी असते. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. पुष्कळांच्या बाबतीत ही पुढच्या आजाराची आधीची खूण असते, त्या म्हणाल्या. पार्किन्सन्सची, किंवा माणसाची आठवण हळूहळू नेणाऱ्या एका आजाराची. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही.

"म्हणजे इंजिन बंद पडायच्या आधी आवाज करतं, तसं?" ह्यांनी विचारलं.

"हो, तसंच."

ह्यांनी मान हलवली. हे मरीन इंजिनिअर. आधी जहाजावर आणि आता इथल्या ऑफिसात, सगळं आयुष्य इंजिनांत गेलेलं. त्यांना ते जागच्या जागी कळलं. मला कळायला घरी जाऊन दार लावून रडावं लागलं.

सुरुवात अगदी साधी होती. हे झोपेत बरळायचे. "इंजिनरूम चालू झाली वाटतं," म्हणून मी सकाळी चेष्टा करायची. मग हात उडायला लागले, पाय झाडले जायला लागले, माझ्या दंडावर डाग उठायला लागले, आणि स्वप्न एकच ठरून गेलं. शत्रूचं सैन्य आलेलं असतं. यिशुनला आम्ही राहतो त्या इमारतीखाली, जिथे म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळत बसतात, तिथे बंदूकवाले उभे. लिफ्ट बंद. हे मला आणि सईला घेऊन जिन्याने उतरतात आणि सेम्बावांगच्या किनाऱ्याकडे पळतात. तिथे धक्क्याला शेवटची बोट लागलेली असते. सगळं इतकं स्पष्ट, की कुठल्या मजल्यावर कुणाच्या चपला राहिल्या होत्या तेसुद्धा हे सांगत.

"पण देश कुठला सोडत असता तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"अगं, हाच की. दुसरा कुठला?"

रिटायर झालो की पुण्याला जायचं, हा जप आम्ही इथे आल्यापासून करत आलो. सोडून जाताना जीव तुटावा असा देश मात्र हा निघाला.

सईने आपल्या परीने उपाय सांगितला. "पपा, नो न्यूज बिफोर बेड, लाह!" युद्धाच्या बातम्या बंद झाल्या. स्वप्न बंद झालं नाही. मग पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, पहाटेची स्वप्नं खरी होतात. दुसरी, उशाखाली लोखंड ठेव. पहिलीने माझी झोप उडाली, दुसरी मी केली. सासूबाईंचा जुना अडकित्ता आमच्याबरोबर इथवर आलाय. सुपारी कुणी खात नाही, पण टाकवत नाही. तो मी ह्यांच्या उशीखाली सरकवला. शिकलेली बाई असं कसं करते, असं म्हणाल. घरचं माणूस रोज पहाटे ओरडत उठायला लागलं की शिक्षण बाजूला राहतं.

एका पहाटे स्वप्नातल्या सैनिकाने मला धरलं. ह्यांचा हात उशीखाली गेला, हाताला लोखंड लागलं. घाव सैनिकावर घातला आणि बसला माझ्या भुवईवर. मी किंचाळले तेव्हा हे जागे झाले. माझ्या तोंडावर रक्त बघून कासावीस झाले आणि म्हणाले, "कुणी केलं गं हे?" अडकित्ता त्यांच्याच हातात होता.

इमर्जन्सीत नर्सने ह्यांना बाहेर बसवलं, पडदा ओढला आणि हळू आवाजात मला विचारलं, "मॅडम, घरी तुम्हाला कुणी मारतं का?" मी म्हटलं, नाही हो, ते झोपेत होते. असली उत्तरं तिने खूप ऐकली असणार. ती भली होती, तिने पुन्हा पुन्हा विचारलं. ज्या माणसाने उभ्या संसारात माझ्यावर आवाज चढवला नाही, तो पडद्यापलीकडे मान खाली घालून बसला होता. त्या दिवसापासून ह्यांनी एकच धोशा लावला. "मी तुझ्या खोलीत झोपणार नाही. दाराला आतून कडी लाव."

माझं दुखणं ते होतं. टाके सुकतात. पण ज्याच्याशेजारी आयुष्य काढलं त्या माणसाला कडीबाहेर ठेवून मला झोप येणार नव्हती.

नंतर स्लीप स्टडी झाली, म्हणजे झोपेची तपासणी. डोक्याला, छातीला, पायांना वायरी लावून इस्पितळात झोपवतात आणि कॅमेऱ्यात टिपतात. तो व्हिडिओ डॉक्टरांनी, आजाराचं नाव सांगितलं त्याच भेटीत, आम्हाला दाखवला. ह्यांनी मान फिरवली. मी बघितला. हे अर्धवट उठलेले, आणि हाताने रिकाम्या पलंगावरून काहीतरी ओढतायत.

"हे काय म्हणतायत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

आवाज वाढवला. "नीला, हात दे. सोडू नकोस. अगं, दे ना हात!"

मला वाटायचं, हे स्वप्नात कुणाला तरी मारत असतात. तोपर्यंत माझ्या दंडावर जेवढे काळेनिळे डाग उठले होते, ते सगळे मला बोटीत ओढून घेताना उठलेले होते. मी डॉक्टरांना "गिव्ह मी युअर हँड" एवढंच सांगू शकले. पुढचं सईने सांगितलं. "ही इज टेलिंग देम टू वेट. माय वाइफ इज नॉट ऑन बोर्ड येट."

डॉक्टरांनी व्हिडिओ थांबवला. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "खोली एकच असू द्या. अंथरुणं वेगळी करा, मध्ये अंतर ठेवा." आणि मला म्हणाल्या, "त्यांना धरू नका, हलवू नका. लांबूनच हळू आवाजात बोला. कधी कधी ऐकू जातं." मेलाटोनिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

घरी आल्यावर ह्यांनी वादळाआधी जहाज आवरतात तशी खोली आवरली. दिवा, आरसा, काचेचा तांब्या, सगळं बाहेर. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम. अडकित्ता सईने कागदात गुंडाळून नेला. कुठे टाकला ते मी विचारलं नाही. ह्यांचा पलंग भिंतीला लागला आणि माझी गादी खाली, दाराशी. कडी लावली नाही.

तुमच्या घरात कुणी झोपेत असं हातपाय झाडत असेल तर हसण्यावारी नेऊ नका आणि दृष्ट काढत बसू नका. उशाशी लोखंड तर मुळीच ठेवू नका. स्लीप स्पेशालिस्टकडे जा. आणि नर्सने तुम्हाला पडद्याआड नेऊन तो प्रश्न विचारला तर रागावू नका. ती विचारते हे चांगलंच आहे.

गोळ्यांनी स्वप्नं कमी झाली. पण आता फोडणी करपली तरी ह्यांना वास येत नाही. शर्टाचं वरचं बटण लावताना उजवा हात थरथरतो. मागच्या भेटीत डॉक्टरांनी ह्यांना पावलं टाकून दाखवायला सांगितलं, बोटं मिटायला-उघडायला सांगितलं, आणि पार्किन्सन्स हा शब्द या वेळी "कदाचित" न लावता वापरला. परत येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते आणि मी ह्यांचा तो हात माझ्या पर्सखाली धरून ठेवला होता. मला फार वाईट वाटतं. सकाळी वाटतं, भाजी चिरतानाही वाटतं. त्यावर गोळी नाही.

परवा पहाटे खूप दिवसांनी ह्यांचं सैन्य आलं. हे पुटपुटायला लागले. मी उठून बसले. सवयीने म्हणणार होते, आले मी, बसले बोटीत, तुम्हीही या. तसं म्हटलं की हे शांत होतात.

पण या वेळी हे हात मागत नव्हते. दमलेल्या आवाजात म्हणाले, "नीला, तू जा सईला घेऊन. माझ्याच्याने आता पळवत नाही."

पलंगापर्यंत जायचं नाही, धरायचं नाही, हे मला ठाऊक होतं. मी गादीवरूनच म्हटलं, "सई गेली पुढे. मी नाही जायची. बोट सुटली तर सुटू दे."

ह्यांचा श्वास हळूहळू संथ झाला. सकाळी चहा घेताना त्यांना काहीच आठवत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.