हिरीचा वेगळा पेला

मेडशीच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची भाकर भाजायचा मान सोजरबाईचा होता. म्हणायचं भाकर, पण ती असायची गव्हाची, पातळ पोळीसारखी. एरवी त्या वस्तीत कोणाच्या चुलीवर गहू दिसायचा नाही, बारा महिने ज्वारीच. महिन्यातून एका रविवारी वाशीमहून पाळकसाहेब मोटारीनं यायचे. त्याच्या आदल्या दिवशी सोजरबाई न्हायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि जात्यावर बसायची. मनुका भिजत घालायची. सकाळी त्या कुस्करून फडक्यातून गाळल्या की झाला द्राक्षारस. एका पितळी पेल्यातून तो साऱ्या मंडळीच्या ओठांना लागायचा.

सोजरबाई विधवा होती, मूलबाळ नव्हतं. नवरा पटकीनं गेला तेव्हा ती तरणीताठी होती. पटकीच्या भीतीनं मढ्याला हात लावायला सख्खे दीर पुढे आले नाहीत. मंडळीचे उपदेशक शालिग्राम मास्तर आले, आणि त्यांच्यासोबत मंडळीतलाच लखमा. दोघांनी खड्डा खणला, दोघांनीच माती लोटली. लखमाची बायको हिरी रोज कालवण-भाकर घेऊन सोजरच्या दारात यायची. सोजर जेवेपर्यंत उठायची नाही. "दोन घास खाय, मंग रड," म्हणायची.

त्याच वर्षी सोजरनं नाल्याच्या डोहात बाप्तिस्मा घेतला. वाचता येत नव्हतं, पण मास्तरांनी एकदा वाचलेलं शास्त्र तिच्या डोक्यात बसायचं. तिची प्रार्थना ऐकायला बाया जमायच्या. कोणाचं पोर तापलं, कोणाची सून अडली, की सोजरबाईला बोलावणं यायचं. ती कापूस वेचायला जायची, निंदायला जायची, आणि रविवारी टिनाच्या प्रार्थनाघरात पहिल्या रांगेत बसायची. आपण देवाच्या जवळच्या आहोत असं तिला वाटायचं. लोकही तसंच म्हणायचे.

मग एका उन्हाळ्यात हिरीच्या गालावर चट्टा उठला. फिका, कोरडा. हळूहळू डाव्या हाताची करंगळी आत वळायला लागली. वस्तीत कुजबुज झाली आणि कुजबुजीचा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. मोठ्यानं तो कोणी बोलत नव्हतं. बोलली ती सोजरबाई.

"मास्तर, लेकराबाळाईची मंडळी आहे," ती शालिग्राम मास्तरांना म्हणाली. "पेला एकच. उद्या कोणाले काई झालं तं दोष कोणाचा?"

मास्तर मवाळ माणूस. त्यांनी धोतराचा सोगा चाचपला. "हिरीबाईले वाईट वाटीन."

"तिले मी सांगतो समजावून. माह्यं ऐकते ती."

आणि तिनं सांगितलं, तेही मायेनं. "हिरे, आत लई गरम होते वं. तू आपली ओसरीवर बसत जाय, तुले वारा लागीन. तुह्यासाठी मी जर्मलचा पेला आणला, नवा कोरा."

हिरीनं तिच्याकडे पाहिलं. पुढच्या रविवारपासून ती ओसरीवर, चपलांच्या बाजूला बसू लागली. प्रभुभोजनाच्या रविवारी आतली भजनं झाली की सोजरबाई पितळी पेल्यातला घोटभर रस उंचावरून त्या जर्मलच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पेल्यात ओतायची आणि पेला तिच्यापुढे जमिनीवर ठेवायची.

उंचावरून ओतलेलं पाणी काय असतं ते सोजरला कळत नव्हतं असं नाही. लहानपणी पाटलाच्या वावरात कापूस वेचताना तहान लागली की तिची माय दोन्ही हातांची ओंजळ करून खाली बसायची, आणि गडी वरून धार धरायचा. भांड्याला बोट लागू द्यायचा नाही. माय म्हणायची, पोटात गेलं की सारं पाणी एकच. हे सोजरला आठवत होतं. तरी ओतताना तिचा हात वरच राहायचा.

पुढं दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी सोजरबाई दुसऱ्या दिवसाची भाकर भाजत होती. बाजूच्या चुलीवर डाळ होती, तिच्याकडे पाहण्यासाठी ती वळली आणि काहीतरी जळाल्याचा वास आला. भाकर तर नुकतीच टाकली होती. तिनं खाली पाहिलं. तिचं मनगट तव्याच्या काठाला टेकलं होतं आणि कातडी पांढरी पडून वर आली होती.

तिनं हात झटक्यानं ओढला. मग थांबली. आग होत नव्हती. मनगटाच्या वर एक फिका डाग बरेच दिवस होता, ती त्याला तेल चोळायची, कोरड धरली असेल म्हणायची. कुपाटीतून बाभळीचा काटा मोडून आणला आणि त्या डागात टोचला. अजून टोचला. रक्ताचा थेंब आला, पण काटा कळला नाही.

भाकर तव्यावर करपली. सोजरबाईनं ती बाजूला काढली, परातीतला दुसरा गोळा घेतला आणि त्याच हातांनी नवी भाकर थापली.

दुसऱ्या दिवशी तीच भाकर पाळकसाहेबांनी मोडली. मोडण्याआधी ते नेहमीसारखं म्हणाले की प्रत्येकानं आपल्या मनाची झडती घ्यावी आणि मगच हात पुढे करावा. सोजरबाईनं डोळे मिटले. झडती घ्यायला काही उरलं नव्हतं, सारं समोरच पडलं होतं. तरी हात पुढे झाला.

मग ती जर्मलचा पेला घेऊन ओसरीवर गेली. ओतताना मनगटावरचा पदर सरकला.

"भाजलं वं?" हिरीनं विचारलं.

"तवा लागला."

"आग होते का?"

"होते तं. रातभर झोप नाही."

हिरी त्या मनगटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आग होते तं मंग ठीक आहे."

हिरीला सारं कळलं, हे सोजरला कळलं. दोन दिवसांनी दुपारी, वस्ती वावरात गेलेली असताना, हिरी तिच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उकिडवी बसली.

"जवळच मालेगावले बुधवारी दवाखान्याची गाडी येते," ती म्हणाली. "गोळ्या देतात. चट्टा उठला तवापासून मी जाऊन राह्यली. तू चाल माह्यासंगं. कोणाले सांगू नको, म्हणू बाजाराले चाललो."

हिरी चुगली करायला नाही, आपल्याला सोबत न्यायला आली होती, हे सोजरबाईला दिसत होतं. तरी तोंडातून आलं ते वेगळंच.

"तुह्यं दुखणं माह्यावर कायले आणून राह्यली? मी काय पाप केलं?"

"म्या पाप केलं असं कोण म्हनलं?" हिरीनं विचारलं.

हिरी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली.

त्यानंतर ती प्रार्थनेला आली नाही. थोड्याच दिवसांत लखमानं तिला किन्हीराजाला तिच्या भावाकडे नेऊन ठेवलं. हिरीनं विश्वास सोडला, असं मंडळीत लोक बोलू लागले. बायांच्या सभेत मास्तरांची बायको विजयमाला म्हणाली, "सोजरबाई, तुमचा तिच्यावर जीव. तुमीच मागा तिच्यासाठी."

सोजरबाईनं मागितलं. भटकलेलं मेंढरू कळपात परत येऊ दे, देवा, म्हणाली. शब्द एकामागून एक सरसर येत गेले, बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. प्रार्थना संपली तेव्हा तिला स्वतःच्या आवाजाची किळस आली. पण आमेन म्हणून झालं होतं.

ती लांब बाहीच्या चोळ्या घालू लागली. भाकरही भाजत राहिली. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. शेवटी शिवताना सुई बोटांतून गळू लागली. ज्वारी खळ्यावर आली तेव्हा एका बुधवारी तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि मोटारीत बसली.

मालेगावला चिंचेखाली गाडी उभी होती. जगदेव नावाचा कंपाउंडर कोंबडीच्या पिसानं, टाचणीनं चट्टे तपासत होता. त्यानं सोजरबाईची बोटं वाकवून पाहिली, कोपराजवळची शीर दाबली आणि गोळ्या बांधून दिल्या.

"भिऊ नका," तो म्हणाला. "हा कोरडा महारोग आहे. दुसऱ्याले लागत नाही. घरच्याईसंगं जेवा, बसा. तुमच्या मेडशीची हिरीबाई येत होती, तिचा बी असाच. तिले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं."

"काय सांगतलं होतं?"

"हेच. कोणाले लागत नाही म्हणून."

सोजरबाई चिंचेखाली बराच वेळ बसून राहिली. गोळ्यांची पुडी मुठीत होती. हिरीला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून ती चपलांपाशी बसली आणि खाली ठेवलेला पेला उचलत राहिली.

परत आल्यावर तिनं मास्तरांना दुखणं सांगितलं. तेवढंच. हिरीचं सांगायला तोंड उघडलं नाही. रविवारी मास्तरांनी साऱ्या मंडळीसमोर तिचं कौतुक केलं. आपल्या सोजरबाईनं दुखणं लपवलं नाही, देवासमोर खरी राहिली, असा विश्वास सगळ्यांना मिळो, म्हणाले. माणसं वळून वळून पाहत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तरीही हिरीचं नाव तिनं घेतलं नाही.

त्याच आठवड्यात ती किन्हीराजाला गेली.

हिरी भावाच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. सोजरला पाहून उठली नाही. सोजर समोर बसली, चालून चालून घसा कोरडा पडला होता. हिरी आत गेली, माठातलं पाणी तांब्यात आणलं, आधी स्वतः तोंड लावून घोटभर प्याली आणि तांब्या तिच्यापुढे धरला.

सोजरबाईचा हात निघाला आणि मध्येच अडला. क्षणभरच. मनगटावर तोच डाग, पदराच्या गाठीत त्याच गोळ्या, आणि तरी हात अडला. हिरीनं ते पाहिलं.

"पेय ना माय," ती म्हणाली. "आता तुले काय व्हायचं राह्यलं?"

सोजरबाईनं तांब्या घेतला, तोंडाला लावला. एक घोट घेतला. तांब्या खाली ठेवून ती रडली, पण आवाज न करता. मोठ्यानं रडायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली. "कोणाले लागत नाही म्हणून. मंग काहून बसली बाहेर?"

"तू म्हनलं, तिथं वारा येते." हिरीनं एक शेंग फोडली. "म्हनलं, सोजर माह्यं वाईट थोडीच करीन. मंग समजलं. पन तवा उठून आत यायले लाज वाटे."

"लाज तं मले वाटाले पायजे."

"होय. तुलेच."

सोजरबाईनं तिचे पाय धरले. हिरीनं ते मागे घेतले. "पाय नको धरू. देवाले माग माफी, तो देईन, त्याचं कामच ते. मले अजून राग येते. उद्या सरला तं सांगीन तुले."

सोजर उठली. निघताना हिरीनं ओटीत तुरीच्या शेंगा टाकल्या. पाहुणी रिकामी जाऊ नये, एवढंच ते.

पुढच्या रविवारी भजनं झाल्यावर सोजरबाई उभी राहिली. प्रार्थनेचा आवाज तिनं काढला नाही, साधं बोलली. हिरीचं दुखणं लागट नव्हतं. तिला ओसरीवर मी बसवलं. मला न्यायला आली तर मी तिला हाकललं. आणि डाग कळल्यावरही मी भाकर भाजली. बसली तेव्हा शेजारची बाई जराशी सरकली. कशाला भिऊन सरकली, दुखण्याला की पापाला, हे सोजरबाईला कळलं नाही, आणि तिनं ते मनावर घेतलं नाही. मास्तरांनी खाली मान घातली होती. मग ते म्हणाले, "चूक माही बी आहे. मी हो म्हनलं." त्यांनी मंडळीला दवाखान्याचं सांगणं समजावून दिलं, आणि तेच लखमासोबत किन्हीराजाला जाऊन आले.

हिरी लगेच आली नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर मेडशीला परतली, आणि एका रविवारी आत येऊन भिंतीपाशी बसली. सोजरपासून लांब. पितळी पेला तिच्यापर्यंत गेला, तिच्याकडून पुढे गेला. भाकर आता विजयमाला भाजायची.

बुधवारची मोटार मात्र दोघींची एकच होती. सुरुवातीला हिरी पुढं बसायची, सोजर मागं. एकदा गर्दीत एकाच बाकावर जागा मिळाली. बराच रस्ता हिरी खिडकीबाहेर बघत होती. मग भावाच्या म्हशीचं सांगू लागली, ती कशी व्यायली, दूध किती पातळ देते, वैरणीचं काय करावं. राग सरला असं ती म्हणाली नाही, आणि सोजरनं विचारलं नाही. मालेगाव येईपर्यंत ती म्हशीचं ऐकत राहिली.